सेल्फ सर्टिफाइड

वाकडच्या दवाखान्यातल्या बाकड्याचं वेल्डिंग कच्चं होतं. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मी ते चार वेळा हलवून पाहिलं. समोरच्या दाराची फट डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. माझ्या हातात असतं तर ते दार मी आल्या पावली परत पाठवलं असतं.

"अहो, बसा की एका जागी," हर्षाली म्हणाली. "दरवर्षीसारखा साफच येनार रिपोर्ट."

माझी फाइल तिच्या मांडीवर होती. ती हिसकावून पळून जावं असं वाटत होतं.

चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे. आठ वर्षांपूर्वी शिफ्टमध्येच माझी डावी पापणी मिटायला लागली, एका बोल्टचे दोन दिसायला लागले. सुपरवायझर म्हणाला, "गोरखभाऊ, सकाळी सकाळीच लावली का राव?" चहापलीकडे काही न पिणारा माणूस मी! तपासण्यांत भलतंच निघालं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी कामाची, पुढे सुकून जाणारी. माझ्या ग्रंथीत गाठ होती, दहा लाखांत एखाद-दोघांना होणारी. पापणी पडत होती तीही तिच्यापायीच. ऑपरेशन झालं, औषधं झाली, पापणी वर आली. डॉक्टर विजयश्री म्हणाल्या, "ही गाठ आळशी आहे, पण विसराळू नाही. दहा वर्षं दरवर्षी स्कॅन करायचा."

तीन वर्षं केला. तिन्ही वेळा साफ. तिन्ही वेळा हर्षालीने पुरणपोळ्या केल्या.

आमच्याकडे एखाद्या सप्लायरचे लागोपाठ तीन लॉट बिनचूक आले, की पुढचा माल न तपासता थेट लाइनवर जातो. त्या सप्लायरला आम्ही सेल्फ सर्टिफाइड म्हणतो. चौथ्या वर्षी मी तो शिक्का स्वतःवरच मारून घेतला. अर्थात ही पळवाट. खरं म्हणजे माझी फाटत होती; रिपोर्टच्या आधी आठ दिवस घास उतरायचा नाही. मग स्कॅनच्या दिवशी सुट्टी टाकायची, निगडीच्या स्टँडवर तीन चहा प्यायचे आणि घरी येऊन सांगायचं, "साफ." रिपोर्ट कंपनीत जमा करावा लागतो, असंही सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या मालातली केसाएवढी चीर पकडणारा नवरा. तिने कधी कागद मागितला नाही. असं चार वर्षं चाललं.

यंदा जिना चढताना उजव्या बरगडीत कळ यायला लागली. हर्षालीने धरून आणलं. काल स्कॅन झाला.

आत गेलो. पडद्यावर फुप्फुसाच्या कडेला पांढरे ठिपके होते. मी लगेच मोजले. सात.

"हा कॅन्सर रक्तातून लांब क्वचितच जातो," विजयश्री मॅडम म्हणाल्या. "जवळच सांडतो. फुप्फुसाच्या अस्तरावर एक थेंब, मग दुसरा, असा खाली खाली. एक-दोन असताना दिसले असते तर सरळ काढून टाकले असते. आता आधी औषधं, मग जमलं तर मोठं ऑपरेशन. मागच्या चार वर्षांचे स्कॅन आमच्याकडे नाहीत; बाहेर केले असतील ते द्या, कधी सुरू झालं ते बघू."

"ते कंपनीत हायेत," हर्षाली म्हणाली. "अहो, लावा की फोन."

मी फोन काढला, नंबर शोधल्यासारखं केलं.

"न्हाईत," मी म्हणालो. "केलेच न्हाईत. निगडीला बसून यायचो मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फाइलची दोरी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"चार वर्सं पोळ्या खाल्ल्या तुमी. उतरत व्हत्या घशाखाली?"

"व्हय."

हे मात्र खरं होतं. तिचा हसरा चेहरा बघून तेवढ्या संध्याकाळी मलाही वाटायचं, की स्कॅन झालाय आणि मी वाचलोय.

हर्षाली डॉक्टरांकडे वळली. "औषध कधी चालू करायचं, मॅडम? आन् हितून पुढं रिपोर्ट माझ्या हातात द्या. यांच्या न्हाई."

मी उभाच होतो. या वेळी तिने बसा म्हटलं नाही.