मापाचं पोलकं

कावेरीनं पार्सलची शिवण दातांनी तोडली. ब्लेड शिलाई मशीनच्या खणात होतं, पण तिथवर हात न्यायचीही तिला उसंत नव्हती. सकाळची पाळी संपवून ती नुकती टोकरखाड्याच्या खोलीवर आली होती. पोस्टमननं पार्सल शेजारच्या आक्काबाईंकडे ठेवलेलं, आणि आक्काबाई अजून दारातच उभ्या होत्या.

आतून पोलकं निघालं.

तिनं पिशवी उलटी करून झटकली. फ्रॉक नव्हता. हिरव्या सॅटिनचं एक पोलकं, बाह्यांना जरीची किनार, गळ्याला टिकल्या. बस्स.

"काय पाठवलं गं लेकीनं?" आक्काबाईंनी विचारलं.

"लेकीनं कुठलं? भावजयीनं पाठवलंय," कावेरी म्हणाली आणि पोलकं मशीनवर आपटलं. "माझ्या तिकिटांवर स्वतःचं पोलकं पाठवलंय, शिवून दे म्हणून. लाज म्हणून नाही बाईला."

चंदाचे कपडे कावेरी स्वतः शिवायची. नवरा गेला तेव्हा चंदा चार वर्षांची होती. साक्रीकडच्या गावी तिला सुकदेवभावाच्या पदरात टाकून कावेरी सिल्वासाला आली आणि दोऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तेव्हापासून सणावाराला लेकीचा फ्रॉक टपालानं जायचा. मापासाठी चंदाचा तोकडा झालेला फ्रॉक तिकडून यावा लागे, आणि तो कधी वेळेवर येत नसे. कमळावहिनी म्हणायची, तिकिटाला पैसे कुठून आणू? एकदा तर तिनं पार्सल बैरंगच पाठवलं आणि दंड कावेरीला भरावा लागला. तेव्हापासून कावेरी प्रत्येक फ्रॉकबरोबर एक रिकामी मांजरपाटाची पिशवी पाठवू लागली. पिशवीवर आपला पत्ता शाईनं लिहिलेला, वजनाचा अंदाज धरून तिकिटं आधीच चिकटवलेली, कोपऱ्यात दोरा ओवलेली सुई टोचलेली. जुना फ्रॉक आत घालायचा, तोंड शिवायचं आणि गावच्या पोस्टमास्तरच्या हाती द्यायचं. एवढं सोपं करून दिल्यावर वहिनीला सबब उरली नव्हती.

आणि आता हे.

आक्काबाई गेल्यावर तिनं पोलकं पुन्हा उचललं. राग होता, पण हात शिवणारीचे होते. ते आपोआप कापडावरून फिरू लागले. तिनं टेप लावली. वहिनी अंगानं भरलेली बाई, तिचा दंडसुद्धा या बाहीत शिरला नसता. छाती लहान, खांदे अरुंद. कावेरीनं ते उलटं केलं. दोन्ही कुशींना तीन-तीन बोटं कापड आत दाबून ठेवलेलं होतं. गावचा शिंपी असं कधी करतो, ते तिला ठाऊक होतं. अंग भरायचं असतं त्या पोरीसाठी. वर्षावर्षानं एकेक शिवण उसवून तेच पोलकं पुरवायचं असतं म्हणून.

तिनं टेप गुंडाळून ठेवली. मग परत उलगडली, परत मापलं. माप तेच आलं.

*

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी वाळू कारखान्याच्या फाटकापाशी भेटला. तो तिच्याच गावचा, बॉयलरवर कामाला. चार दिवस गावी जाऊन कालच परतला होता.

"ताई, पेढे कुठंयत?" लांबूनच हसत तो म्हणाला.

"कशाचे पेढे?"

"चोरून ठेवता का आता? सामोड्याचे पाहुणे आले होते ना. आखाजी झाली की पाचव्या दिवशी हळद. घर चांगलं आहे म्हणतात, विहिरीवर मोटर आहे त्यांच्या."

तिचा चेहरा बघून वाळूचं हसू हळूहळू उतरलं.

"तुम्हाला... सुकदेवभाऊनं कळवलं नाही?"

"ती सातवीत आहे, वाळू."

"मला काय माहीत, ताई. मला वाटलं तुम्हीच..." तो मागं सरकला. "मला कामावर जायचंय."

त्या पाळीत तिनं दोऱ्याचे कोन खोक्यात भरले ते दगड भरावेत तसे. एक खोकं फाटलं. सुपरवायझर धावत आला. तिनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं की उद्यापासून तीन दिवस छुट्टी पाहिजे.

"कावेरीबेन, माल निकालना है. अभी छुट्टी नहीं."

"तो नाम काट दो," ती म्हणाली.

ती रागाची बाई नव्हती. सुपरवायझर तिला पहिल्या दिवसापासून ओळखत होता, म्हणून त्यानं नाव कापलं नाही.

पाळी सुटल्यावर ती नाशिकच्या एसटीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर एकच पिशवी होती, आणि तिच्यात ते पोलकं. खानवेलचा घाट चढताना बाजूची बाई आपल्या पोराला संत्रं सोलून देत होती. कावेरी खिडकीबाहेर बघत वाक्यं जुळवत होती. लग्न ठरवलंत ते ठरवलंत. आईला विचारलं नाहीत, तेही एक वेळ सोडा. पण मापाला पोलकं पाठवता? म्हणजे बाकीची पोलकी मी शिवायची, आणि कशासाठी ते मला सांगायचंही नाही? मशीनवर बसून, दिव्याखाली डोळे फोडून, माझ्याच लेकीच्या गळ्याला टिकल्या लावायच्या मी? वाक्यं जुळत आणि तिच्या तोंडातच पेटत. नाशिकला गाडी बदलली, सटाण्याला बदलली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत ती गावात उतरली आणि तडक भावाच्या ओट्याकडं निघाली.

*

सुकदेव ओट्यावर खाटेला नवा सुंभ विणत होता. बहिणीला बघून तो उठला नाही, पण हात थांबले.

"आलीस? बरं झालं. कळवणारच होतो मी."

"कधी? वरात निघाल्यावर?"

"आधी बस. पाणी पी. कमळे, पाणी आण गं!"

"पाणी नको मला. भाऊ, ती तेरा वर्षांची आहे."

"तुझं लग्न झालं तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"म्हणूनच विचारते."

सुकदेवनं सुंभाचं टोक खाटेच्या पायाला गुंडाळलं. "हे बघ कावेरी. काही मागत नाहीत ते लोक. मुलगा निर्व्यसनी आहे. तुझी लेक मी सांभाळली, कधी उणं केलं का? शाळेत घातली. आता ती मोठी झाली. उद्या काही भलतंसलतं झालं तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल, तुझ्या नाही. तू तिथं लांब बसलीस फ्रॉक शिवत."

तो शब्द तिला नेमका लागला, आणि लागला म्हणूनच ती भडकली.

"फ्रॉक शिवत बसले, खरं आहे! आणि तुम्ही आता पोलकी शिवून मागता माझ्याकडं!" तिनं पिशवीतून पोलकं ओढून काढलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या कमळावहिनीच्या अंगावर फेकलं. "तोंडानं सांगायची हिंमत नव्हती ना? मग माप पाठवायची कशी झाली? माझी तिकिटं फुकट होती म्हणून?"

कमळावहिनीच्या हातून तांब्या हिंदकळला. तिनं पोलकं खाली पडायच्या आत धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा आला नाही. ती नुसती बघत राहिली.

"हे तुमच्याकडं कसं?" ती म्हणाली.

"नाटकं करू नका, वहिनी."

"आईची शप्पथ व ताई. हे पाहुण्यांनी दिलेलं, सुपारीचं. आठ दिवस झाले, सापडेना म्हणून अख्खं घर उपसलं आम्ही. धान्याच्या कणग्यासुद्धा रिकाम्या केल्या." तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग आतल्या दाराकडं. "हिला मारलं मी. कुठं हरवलंस म्हणून. हूं की चूं केलं नाही हिनं."

दारात चंदा उभी होती. हातात सूप, सुपात निवडायला घेतलेली डाळ. दोन दिवाळ्या ओव्हरटाइममध्ये गेल्या होत्या, तेवढ्यात तिची उंची आईच्या खांद्याला आली होती. अंगात कावेरीनं पाठवलेला निळा फ्रॉक होता, काखेत उसवून पुन्हा शिवलेला. गालावर काही नव्हतं. उजव्या कोपराच्या वर मात्र जुन्या माराचा पिवळसर डाग होता.

"कुणी पाठवलं?" सुकदेवनं विचारलं.

चंदानं सूप खाली ठेवलं. डाळीचा एक दाणाही सांडू दिला नाही.

"मी."

"पोस्टात कुणी दिलं?"

"मीच दिलं. पोस्टमास्तरांना सांगितलं, आईनं माप मागवलंय."

सुकदेव आता उठला. तो रागीट माणूस नव्हता, पण घरात सगळ्यांसमोर, बहिणीसमोर, एवढ्याशा पोरीनं त्याला मूर्ख ठरवलं होतं. दोन पावलांत तो दारापाशी पोचला आणि त्याचा हात वर गेला. कावेरी मध्ये कधी आली ते तिलाच कळलं नाही. हात तिच्या कानावर बसला. वहिनी किंचाळली. कावेरी जागची हलली नाही. पदर डोक्यावरून खाली आला होता तेवढा तिनं सावरला.

"चंदा," मागं न बघता ती म्हणाली, "तुझं काय काय आहे ते घे."

"ती इथून गेली तर," सुकदेव म्हणाला, मारलेला हात त्यानं दुसऱ्या हातात धरला होता, "तर मी पाहुण्यांना काय तोंड दाखवू? कावेरी, ऐक. ती गेली तर तुला या घराचं दार नाही. आखाजीलाही नाही, मी मेलो तरी नाही."

आखाजीला माहेरी येऊन झोक्यावर बसायचं, एवढा एकच सण तिला उरला होता. तोही गेली दोन वर्षं चुकलाच होता. भावाच्या केसांत पांढरे आलेले तिनं आत्ता पाहिले. त्यानं खरोखरच पोरीला उपाशी ठेवलं नव्हतं. ते तिला नाकारता येत नव्हतं.

"नाही तर नाही," ती म्हणाली.

कमळावहिनीनं कोपऱ्यात उभं राहून डोळ्याला पदर लावला. त्यात रडू किती आणि सुटका किती, हे कावेरीला कळलं नाही, आणि तिनं शोधलंही नाही. निघताना वहिनीनं चंदाच्या हातात भाकरी बांधलेलं फडकं दिलं. पोलकं तिथंच ओट्यावर पडून राहिलं. सामोड्याला परत पाठवावं लागणार होतं ते.

*

सटाण्याच्या गाडीत त्यांना मागची सीट मिळाली. चंदानं दप्तर मांडीवर घेतलं होतं. कावेरीचा कान अजून वाजत होता. रस्त्याकडेच्या डाळिंबांच्या बागा मागं गेल्या. तिला वाटलं होतं पोर गळ्यात पडेल, निदान रडेल. चंदा ताठ बसून समोरच्या सीटच्या पाठीवर खरवडलेली नावं वाचत होती.

"मला दोन ओळी लिहायच्या होत्यास," शेवटी कावेरी म्हणाली. "पोलकं बघून मला काय समजायचं? मी वहिनीवरच चिडले."

"पत्राला पैसे मागावे लागले असते. मामी म्हणाली असती, वाचून दाखव काय लिहिलंस." चंदा अजून त्या नावांकडंच बघत होती. "पिशवीचं कुणी विचारत नाही."

"आणि मला कळलंच नसतं तर?"

"माप घेतलं असतंस ना तू."

ते तिनं इतक्या कोरडेपणानं म्हटलं की कावेरीनं तिच्याकडं वळून पाहिलं. पोरीचा खालचा ओठ दातांखाली होता. डोळे कोरडे होते आणि त्यांत राग होता. जुना, कधीपासून आत ठेवलेला राग, आणि तो मामावर नव्हता.

"मी दर वेळी पिशवी शिवताना वाट बघायची," चंदा म्हणाली. "वाटायचं, आता आई माप घ्यायला येईल. स्वतः. तू फ्रॉकच पाठवायचीस."

"पाळी असायची गं..."

"माहिती आहे."

कावेरीचा हात तिच्या डोक्याकडं गेला आणि चंदानं डोकं बाजूला घेतलं. हात मध्येच राहिला, मग कावेरीनं तो आपल्या मांडीवर परत आणला. तिला कालपासून जो तो राग येत होता, भावाचा, वहिनीचा, वाळूचा, सुपरवायझरचा, त्यातला एकही आता हाताशी लागेना.

नाशिकला त्यांनी सिल्वासाची गाडी पकडली. चंदानं फडकं सोडून भाकरीचे दोन सारखे तुकडे केले, एक आईपुढं धरला, आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"तिथं मराठी शाळा आहे का?"

कावेरीनं तोंड उघडलं. टोकरखाड्यातली किराण्याची दुकानं तिला पाठ होती, दळणाची गिरणी, दवाखाना, पोस्टाची खिडकी कधी उघडते ते. सकाळी गणवेशातली पोरं ओळीनं जाताना ती रोज बघायची. ती कुठं जातात, हे तिनं आजवर कुणालाही विचारलं नव्हतं.

भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती उठली आणि दांडीला धरत पुढं गेली. कंडक्टर तिकिटांचा हिशेब लावत होता.

"भाऊ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघू लागली. "तुम्ही रोज जाता ना सिल्वासाला? तिथं मराठी शाळा कुठंय? सातवीची?"