सोजरबाईच्या जठराची साक्ष

मी जठर बोलतोय. खुटबावच्या सोजरबाईचं जठर. अठरा वर्षं तिनं शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवली. शेवटचं पोरगं हात धुऊन गेलं, की पातेल्याच्या तळाची खरवड माझ्या वाट्याला यायची. माझी तक्रार नव्हती.

नवरा लवकर गेला. एकुलती लेक माया कारेगावात कंपनीत लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. रविवारी घरी यायची.

सोजरबाईला पंधरा वर्षं साखरेचा आजार. त्यानं माझ्या शेजारच्या यकृतात चरबी साठली आणि ते हळूहळू दगडासारखं होत गेलं. माझं आणि आतड्यांचं रक्त त्याच्यातूनच पुढं जातं. आता ती वाटच अडली. शेताला पाणी नेणाऱ्या चारीचं दार मिटलं की पाणी मागं फुगतं ना, तसं रक्त माझ्या भिंतींत तुंबलं. शिरा फुगल्या, अस्तर सुजलं आणि थेंब थेंब रक्त पाझरू लागलं. मी दुखलो असतो, तर तिनं कुणाला तरी सांगितलं असतं. मी दुखलोच नाही.

ती पातेलं उचलताना धापा टाकू लागली. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, हे तिला सांगितलेलं. माझं रक्तही काळंच होऊन बाहेर पडत होतं. चार महिने ती ते गोळ्यांचं समजत राहिली.

एका दुपारी शाळेच्या चुलीपुढंच ती कोसळली. दौंडच्या दवाखान्यात घशातून दुर्बिणीची नळी आली आणि जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. पडद्यावर माझं अस्तर सापाच्या कातेसारखं खवल्याखवल्यांचं दिसत होतं, वर लाल ठिपके.

"लिव्हर खराब झालंय, त्याचा दाब इथं आलाय," डॉक्टर म्हणाले. "दारू घ्यायच्या का?"

"न्हाई," माया म्हणाली. पण म्हणायला तिला क्षणभर लागला.

दाब कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटलं. मी थोडा सावरलो. गावानं मात्र एकच शब्द उचलला होता, लिव्हर. आठवड्याभरात शाळेच्या समितीचे पोपटराव दारात आले.

"आक्का, आता तुमी आराम करा."

"मला बरं वाटतंय की."

"तसं न्हाई." ते चपलेकडं बघत होते. "पोरांच्या आया बोलत्यात. पिणाऱ्या बाईच्या हातचं नको म्हणत्यात."

त्या दिवशी तिनं काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी माया आली. भाकरी थापता थापता, पाठमोरीच म्हणाली, "आई, खरं सांग. एकटी असतीस. कवा घेत हुतीस का?"

सोजरबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

खरं उत्तर माझ्याकडं होतं. साठ वर्षांत तिच्या गळ्याखाली जे जे उतरलं, ते मी सांभाळलं. शिळी भाकरी, उपाशी दिवसांचं नुसतं पाणी, सगळं. दारूचा एक थेंब कधी आला नाही. मी आत कळवळलो. बाहेर फक्त एक करपट ढेकर गेला.

पुढच्या महिन्यात रक्ताची उलटी झाली. पुन्हा दौंड. सगळे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मायाला सांगितलं, "हे दारूनं झालेलं नाही. साखर आणि चरबीनं झालंय. न पिणाऱ्यांनाही होतं हे." माया जिन्याच्या पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडली.

पण तोवर यकृताला न गाळता आलेलं विष सोजरबाईच्या डोक्यात चढलं होतं. ती माणसं ओळखेना. माया पाय धरून म्हणाली, "आई, चुकलं माझं." तर ही म्हणाली, "सिस्टरबाई, पाय कशाला धरता?"

माझ्यात आता फक्त नळीनं दूध येतं. डॉक्टर दिवस सांगत नाहीत. मीही मोजत नाही. एवढंच मागतो, लोकहो, कुणाचं लिव्हर बिघडलं असं ऐकलंत, तर त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. आधी त्याला डॉक्टरकडं न्या.

आज सकाळी सोजरबाईनं मायाचा हात ओढून तिला जवळ घेतलं.

"सिस्टरबाई, माझी लेक आली म्हंजी तिला सांगा. तिच्या आईनं कवाच घेतली न्हाई." मग तिनं विचारलं, "खरं वाटंल का वो तिला?"

मायानं डोळे पुसले नाहीत. नर्ससारखीच म्हणाली, "वाटंल, आक्का. मी सांगते तिला."