सरावाचा खड्डा

राजश्रीने खड्ड्याच्या भिंतीवर पंपाने पाणी मारलं आणि दोन पावलं मागे सरकून ती थांबली. ओली भिंत वाळताना थर आपोआप वेगळे दिसायला लागतात. मुरूम आधी फिकट होतो, खाजणातली काळी माती सगळ्यात उशिरा. गेली सहा वर्षं हे ती प्रत्येक नव्या मुलाला शिकवत आली होती. आज भिंत वरपासून खालपर्यंत एकदमच फिकट झाली.

तिने पुन्हा पाणी मारलं. पुन्हा तेच.

उरण रस्त्याला लागून संस्थेचं गोदाम होतं आणि त्याच्या मागे हा सरावाचा खड्डा. बांधकाम सुरू होण्याआधी जमीन उकरून खाली जुनं काही आहे का ते तपासून द्यायचं, हे संस्थेचं काम. फील्ड असिस्टंटला साइट सुपरवायझर व्हायचं असेल तर आधी या खड्ड्यात परीक्षा द्यावी लागे. खड्डा मुद्दाम भरलेला असायचा: तळाला मुरूम, त्यावर काळी माती, मग राखेचा पातळ पट्टा, वर विटांच्या तुकड्यांची भर. उमेदवाराने अर्धा भाग उकरायचा, आणि उरलेल्या भिंतीत जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे थापीच्या टोकाने रेघ मारून दाखवायची.

तो भरायचं काम राजश्रीकडे होतं. प्रत्येक थर ती पाणी मारून धुम्मसाने चोपायची, बसू द्यायची, मगच पुढच्याला हात लावायची. एका वर्षी तिने काळ्या मातीत उंदराचं बीळसुद्धा केलं होतं, आणि दोघे जण ते जुन्या खांबाचं भोक समजून बसले होते. ज्याने खड्डा भरला त्याला उत्तर माहीत असणार, म्हणून त्याने परीक्षेला बसायचं नाही असा नियम होता. नियमात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त दर वर्षी खड्डा भरायची वेळ आली की परीक्षा घेणारे अभयसर म्हणायचे, तुझ्यासारखा खड्डा कोणालाच जमत नाही गं.

ऋषी तिच्याच हाताखाली थापी धरायला शिकला. सुपरवायझर झाल्यावरही काही दिवस तो तिला ताई म्हणत होता. मग नुसतंच राजश्री.

या वर्षी वाशीच्या ऑफिसात सरांच्या टेबलासमोर उभं राहून तिने सांगितलं होतं की खड्डा ती भरणार नाही, परीक्षेला बसणार आहे. मार्चनंतर वयाची अट आड आली असती आणि मग पुढची सगळी वर्षं असिस्टंट म्हणूनच काढावी लागली असती. सर थोडा वेळ हातातलं पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, बरं, ऋषी भरेल.

पंप खाली ठेवून ती खड्ड्यातून वर आली. ऋषी गोदामाच्या सावलीत चहा पीत बसला होता.

"हे थर कधी टाकलेस?"

"थर कसले?" तो हसला. "परवा डंपर आला, ओतला. टाइम कुठे होता? द्रोणागिरीचा क्लायंट डोक्यावर बसलाय."

"आणि सरांकडे उत्तर कुठलं दिलंस?"

"तुझंच की. गेल्या वर्षीचा थरांचा नकाशा दिलाय. तुला तर पाठ असेल." त्याने तिच्यासाठी ठेवलेला चहाचा कप पुढे सरकवला. "टेन्शन काय घेतेस? चार थर दाखव आणि मोकळी हो."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो तिचं भलंच करत होता. तिने चहा घेतला नाही.

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला सई होती. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून गेल्या वर्षी आलेली. तिची ही पहिलीच परीक्षा. राजश्री खाली उतरली तेव्हा सई थापी मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसली होती.

"ताई, मला एकच थर दिसतोय," ती हळूच म्हणाली. "माझं काही चुकतंय का?"

परीक्षेत उमेदवारांनी आपसात बोलायचं नसतं. राजश्रीने तिला तेच सांगितलं.

मग ती आपल्या भिंतीकडे वळली आणि थापी उचलली. उंची मोजावी लागली नाही. पहिली रेघ वितीभर खाली, उजवीकडे जरा कललेली, कारण गेल्या वर्षी तिने ती तशी कलवली होती. दुसरी तिच्या लगेच खाली, मधे राख असल्यासारखी, आणि तिसरी बरीच खाली. चौथीची गरज नव्हती. तीन रेघांनी चार थर होतात. तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेची सावली पडली, आणि रेघेच्या वरची माती खालच्या मातीपेक्षा वेगळी वाटायला लागली. मागे सरकून पाहिलं तेव्हा क्षणभर तिलाही चार थर दिसले.

दुपारी अभयसर आले, हातात गुंडाळलेला नकाशा घेऊन. आधी ते सईकडे गेले. तिची भिंत कोरी होती. ती सांगत होती की माती सगळीकडे सारखीच मिसळलेली आहे, बारीक-जाड कण वेगळे झालेले नाहीत, म्हणजे ही एका वेळी टाकलेली भर असणार. सरांनी नकाशा उलगडून पाहिला आणि ते राजश्रीकडे आले.

"वा," ते म्हणाले. मग मागे वळून, "सई, इकडे ये. हे बघ. नुसत्या डिग्रीने होत नाही हे. डोळा लागतो."

सई भिंतीसमोर उकिडवी बसली. तिने रेघेच्या वरची चिमूटभर माती बोटांत चोळली, मग खालची. मग पुन्हा वरची. शेवटी तिने मान वर केली ती सरांकडे नाही, राजश्रीकडे.

"ताई, मला खरंच दिसत नाहीये."

काठावर उभा असलेला ऋषी मोबाइल बघत होता. राजश्री फडक्याने थापीची कड पुसत होती. कड स्वच्छच होती.

"दिसेल," ती म्हणाली. "सुरुवातीला कोणालाच दिसत नाही."

पुढच्या महिन्यात तिला पांढरं हेल्मेट मिळालं आणि द्रोणागिरीचा प्लॉट मिळाला. तिथे मोठं गोदाम उभं राहणार होतं. मदतीला सई दिली होती. तिच्या डोक्यावर अजून असिस्टंटचं पिवळंच हेल्मेट होतं. चर खणून झाला होता; सईने सकाळपासून एकटीने त्याची भिंत तासून साफ केली होती, इतकी नीट की मुळांचे दोरेसुद्धा कात्रीने कापलेले होते. पलीकडे कंटेनर एकावर एक चढत होते आणि जमीन अधूनमधून हलत होती.

राजश्रीने पंप मारला. दोघी मागे सरकून थांबल्या.

भिंत वाळायला लागली. वरचा भाग फिकट झाला. खालचा काळाच राहिला, आणि दोहोंच्या मधून शिंपल्यांचा बारीक पांढरा पट्टा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला दिसला. त्या पट्ट्यात भाजलेल्या मातीचे लाल कण होते. जुनी वस्ती असावी. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

"काय दिसतंय?" राजश्रीने विचारलं.

सईने भिंतीकडे पाहिलं. मग राजश्रीच्या हातातल्या थापीकडे.

"तुम्ही आधी रेघ मारा ना, मॅडम," ती म्हणाली. "मग दिसेल मला."