चढणारी गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. नवरा बस डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायचा. त्याचं म्हणणं, पडदे पोचवायला आणि भाजी आणायला लागते ती छोटी गाडी, तिला ऑल-व्हील ड्राइव्ह हवंय कशाला? रस्ता गोठतो हिवाळ्यातले चार दिवस, आणि त्यासाठी तिला वर्षभर जास्तीचं पेट्रोल पाजायचं. शिवाय डेपोतलं वाक्य तो घरीही ऐकवायचा. "चारही चाकांना जोर मिळतो तो चढायला. थांबायला काही जास्तीचं मिळत नाही. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात."

बायको पडदे शिवायची, म्हणून गल्लीत ती पडदेवाली. वादात हार मानणं तिला ठाऊक नव्हतं. "टेकडीवर तुझी आई एकटी असते," ती म्हणाली. "नेमक्या त्या चार दिवसांत त्यांना काही झालं तर?" खरं म्हणजे त्याला आईला खाली, आपल्याच घरी आणायचं होतं. आईला तसं बोलूनही झालं होतं. पण घरात खोल्या दोन, आणि त्यातल्या उजेडाच्या खोलीत पडदेवालीचं मशीन आणि कापडं बेतायचं लांबलचक टेबल ठाण मांडून बसलेलं. "त्यांना त्यांच्या घरातच बरं वाटतं, उगीच तोडू नकोस," असं ती म्हणाली आणि गाडी दारात आली. सून असावी तर अशी, असं शेजारणी म्हणाल्या. तिनेही ते कौतुक झेलून घेतलं.

त्या सकाळी सासूबाईंचा फोन आला. न्हाणीघरात पाय घसरला होता आणि मनगट सुजून टम्म झालं होतं. नवरा डेपोत अडकलेला. गोठलेल्या रस्त्यावर घसरू नये म्हणून खडी टाकतात, ती पडेपर्यंत टेकडी चढता येणार नाही, असं ॲम्ब्युलन्सवाल्यांनी सांगून टाकलं. पडदेवालीने किल्ली उचलली.

गाडी चढली, आणि काय चढली! निम्म्या वाटेवर एक थोराड गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती. तिच्या नाकावर टिच्चून ही चिमुकली वर गेली. आत बसलेली पडदेवाली मनातल्या मनात नवऱ्याला चार गोष्टी सुनावत होती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. हात छातीशी धरलेला, चेहरा पांढरा, बोटांची टोकं निळसर. पायाशी एक भली मोठी पिशवी.

"हात दाखवायला एवढी पिशवी कशाला, आई?"

"असू दे गं," त्या म्हणाल्या. पिशवी मागच्या सीटवर गेली.

पहिल्या उतारावर तिने हलकेच ब्रेक दाबला. पायाखाली काहीतरी थडथडलं आणि गाडी आपल्याच तंद्रीत पुढे चालू लागली. तिने आणखी दाबला. गाडीला त्याचं काहीच वाटलं नाही. स्टिअरिंग डावीकडे वळलं, गाडी मात्र सरळच निघाली. समोर वळण होतं आणि वळणाचा कठडा गेल्या वर्षीच ढासळलेला. शेवटच्या क्षणी डावी चाकं कडेच्या मऊ बर्फात रुतली, गाडी टेकडीच्या बाजूच्या भिंतीला घासत करकरली आणि तिरकी होऊन थांबली.

सासूबाईंनी चांगल्या हाताने सुनेचा दंड धरला होता, तो सोडला नाही.

पडदेवालीने रिव्हर्स टाकला. चारही चाकांनी बर्फ पकडला आणि गाडी वीतभर मागे, वर सरकली, अगदी आज्ञाधारकपणे. तिने घाईने हँडब्रेक ओढला. वर न्यायला ही गाडी केव्हाही तयार होती.

"परत वर जाऊ या," ती म्हणाली. "खडी पडेपर्यंत घरात थांबू."

"वर नको," सासूबाई म्हणाल्या. "बोटं बधिर झालीत माझी. आणि वर नकोच."

डिकीत पडद्यांच्या जाड्याभरड्या कापडाचे तुकडे होते. तिने गुडघ्यावर बसून ते आधी सासूबाईंच्या बुटांवर घट्ट गुंडाळले, मग स्वतःच्या. एका तुकड्याची झोळी करून त्यांचा सुजलेला हात गळ्यात बांधला. कापडाला बर्फावर पकड मिळत होती, थोडी का होईना. गाडी तिथेच सोडून भिंतीला खेटून दोघी खाली निघाल्या. पिशवी सुनेच्या खांद्यावर आणि सासू तिच्या कमरेला.

वळणाशी सासूबाईंचा पाय सरकला. पडदेवालीने त्यांना भिंतीवर दाबून धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता.

"आई, काय भरलंय हिच्यात? टाकून देऊ का इथंच?"

"नको. उशी आहे माझी. ह्यांचा फोटो आहे. दोन लुगडी, गोळ्या. गेल्या वर्षी लेक म्हणाला होता ना, आई, चल खाली. तेव्हाच भरली होती. मग तुम्ही गाडी घेतली."

त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देणं पडदेवालीच्या हातचा मळ होता. वर्षभर ही पिशवी दाराआड उभी होती. सून दर आठवड्याला चढून यायची, चहा प्यायची, गाडीचं कौतुक ऐकायची आणि उतरून जायची. तिला स्वतःची शरम वाटली.

"मला सांगायचं नाही का, आई?"

"कशी सांगणार? इतकी महागाची गाडी घेतलीत, मी इथे राहावं म्हणून."

उरलेला उतार दोघी पाऊल पाऊल उतरल्या. पायथ्याशी ॲम्ब्युलन्स उभी होती. सासूबाईंना आत बसवलं तेव्हा फोन वाजला.

"आई कशी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"चालत उतरल्या. मनगट मोडलंय बहुतेक."

"चालत? मग गाडी?"

"ती चढते रे," पडदेवाली म्हणाली. "तू संध्याकाळी लवकर ये. टेबल खोलीबाहेर काढायचंय, मला एकटीला उचलवणार नाही."

तिने फोन ठेवला आणि पिशवी मांडीवर घेऊन सासूबाईंशेजारी बसली.