फाटकावरचा पेला

जलशुद्धीकरण केंद्राच्या साहेबांना सगळी वसाहत पाठीमागे ‘तुरटीसाहेब’ म्हणायची. माणूस सरळ, फक्त स्वतःच्या पाण्याचं कौतुक जरा जास्त. आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, त्या कौतुकाचं कौतुक. नवऱ्याच्या पोटावर, घोरण्यावर, रखडलेल्या बढतीवर त्या मनसोक्त बोलत. पाण्यावर कधीच नाही. इतर बाबतींत नवरा तोट्यात असला तरी या एका खात्यावर त्यांचा संसार नफ्यात चालला होता.

त्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला पुलावरून एक ट्रक पाण्यात कोसळला. त्यात फवारणीच्या औषधाचे ड्रम होते. केंद्रात येणाऱ्या पाण्याला उग्र वास येऊ लागला. साहेबांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. दुपारपर्यंत वास दबला, पाणी लख्ख दिसू लागलं.

“झालं की नाही काम?” साहेब म्हणाले.

“कसलं काम?” प्रयोगशाळेतल्या बाईंना गोड बोलण्याची सवय नव्हती. “तुरटीनं गाळ बसतो, वाळूत कचरा अडकतो, क्लोरीननं जंतू मरतात. हे औषध विरघळलंय, साहेब. सरबत गाळून साखर निघते का? उलट क्लोरीननं यातली काही औषधं जास्तच विषारी होतात. औषध शोषून घेणारी कोळशाची पूड येईपर्यंत पाणी सोडू नका.”

“पूड उद्या येईल. तोवर शहर कोरडं ठेवू? वरून फोनवर फोन येताहेत. एवढ्या पाण्यात थेंबभर औषध, त्यानं काय होतंय?”

आणि त्यांनी पाणी सोडलं.

वास दबला होता, ट्रकची बातमी दबली नव्हती. संध्याकाळच्या आत फाटकावर गर्दी जमली.

“आधी साहेबांना पाजा!”

“ते कशाला पितील? त्यांच्या घरी बाटल्या येत असतील!”

हे मात्र वहिनींना झोंबलं. लेकीला कडेवर घेऊन त्या क्वार्टरमधून तरातरा आल्या. “कोण म्हणतं बाटल्या? माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघा!” त्यांनी फाटकाजवळच्या नळावर पेला भरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांचा हात किंचित उचलला गेला, मग खिशात गेला. वहिनींनी पेला घटाघटा रिकामा केला.

“मानलं वहिनी!” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माणसं हसायला लागली, मागची तर निघालीही.

“मला पण,” लेक म्हणाली.

वहिनींनी अर्धा पेला भरून तिच्या ओठांना लावला. तेवढ्यात साहेबांनी असा फटका मारला की पेला फाटकाच्या गजांवर जाऊन आदळला. पोर किंचाळली.

लोकांचा हिशेब तिथल्या तिथे जुळला. आरडाओरडा झाला, काचा फुटल्या, पुरवठा बंद झाला, पाणी पिऊ नका म्हणून गाडी ओरडत फिरली. शहराला तो फटका फायद्याचाच पडला. वहिनींचा हिशेब सावकाश चालला होता. नवऱ्याच्या बाबतीत त्यांना वजाबाकीची सवय नव्हती.

“डॉक्टर म्हणाले ना, काळजीचं कारण नाही,” घरी आल्यावर साहेब म्हणाले.

वहिनी लेकीचा ओला फ्रॉक बदलत होत्या. “तुमचा हात आधी माझ्या वेळीही उचलला गेला होता. मला वाटलं, पाठ थोपटताय.”

“अगं, एवढे लोक होते समोर...”

“तिच्या वेळीही होतेच की.”

साहेब खुर्चीत बसले. वहिनींनी आदळआपट केली असती तर ते स्वस्तात सुटले असते. पण त्या रोजच्यासारख्या उठल्या, भांडं घेतलं आणि ओट्यापाशी थबकल्या.

“चहा टाकते तुम्हाला,” त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. “कुठलं पाणी घेऊ, तेवढं सांगा. खरं सांगा.”