गोडाचा घोटाळा

मी एक जुना काटा आहे. पायात मोडणारा नव्हे मित्रांनो, वजनाचा. कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तोंडाला काच लावली आणि कारागीर म्हणाला, "जा, कुणाची भीड ठेवू नकोस." ती मी आजवर ठेवलेली नाही.

माझा जन्म गेला वजन उतरवण्याच्या दवाखान्यात. माझ्यावर चढण्याआधी माणसं काय काय उतरवतात! बूट, पट्टा, घड्याळ. एक मास्तर तर कवळीसुद्धा काढायचे. एक आत्याबाई हळूच भिंतीला बोट टेकवून उभ्या राहायच्या. मग सगळे बसायचे आहारताईसमोर. काय खावं ते सांगणारी ही पोरगी मनाने चांगली, पण कान सारे साखर-तुपाकडे. तिने "काय खाता?" विचारलं, की सगळे जन्माचे उपाशी!

"पाण्यानंसुद्धा अंग सुटतं हो माझं."

"मी कुठे खाते? मुलांच्या ताटातलं उरलेलं तेवढं संपवते."

खाणं वेगळं आणि संपवणं वेगळं, हे शहाणपण मला इथेच मिळालं.

माझा शब्द तेव्हा शेवटचा होता. पण पुढे काचेचा, आकडे लुकलुकवणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी दाराआड झाली. लोक माझ्या अंगावर ओल्या छत्र्या टेकवू लागले. नव्याची नवलाई किती? एक दिवस त्याचा सेल संपला, तेव्हा झक मारत मला बाहेर ओढलं.

त्याच दिवशी एक शिंपीणबाई आल्या. सोबत सासू, आणि सासूची जीभ कात्रीसारखी.

"वर्षभरात ही दुप्पट झालीय, आणि विचारलं तर म्हणते खात नाही. मग डबे काय उंदीर रिकामे करतात?"

सून खाली बघत म्हणाली, "खरंच आठवत नाही हो. मशीनवर बसते, हात डब्यात जातो. तळ लागला की कळतं. गोड तर काहीच लागत नाही."

"गोड लागतच नाही? शाब्बास!" आहारताईने टाळी वाजवली. "अर्धी लढाई जिंकलात की!"

शिंपीणबाई हसल्या. उसवलेल्या शिवणीसारखं ते हसू. मग त्या माझ्यावर चढल्या, आणि माझा काटा काही केल्या थांबेना. जरा पुढे, जरा मागे.

"बिघडला वाटतं," आहारताई म्हणाली. "उद्या भंगारात देऊन टाकू."

मित्रांनो, माझी अब्रू चालली होती आणि मला वाचा नव्हती. माझ्या पाठीवरच्या त्या पावलांतून मला कळत होतं, बाई आवाज न करता हुंदके देत होत्या.

सासूने चष्मा चढवला. आधी काट्याकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे.

"काटा कशाला बिघडेल? माझी सून हलतेय! अगं शहाणे, ती साखरेचं नाही सांगत. तिला घासच गोड लागत नाही. जिवाला बरं नाही पोरीच्या!" आणि मग हळू आवाजात, "मी मेली डब्यांवर पहारा देत बसले. उतर खाली, बाळा."

आहारताईचा चेहरा उतरला. "वजन राहू दे आज," ती म्हणाली, आणि दोघींना घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर, मनाच्या डॉक्टरांकडे गेली.

शिंपीणबाई पुढे येत राहिल्या. माझा काटा फारसा मागे सरकला नाही, पण थरथरायचा थांबला. एकदा त्या उतरता उतरता म्हणाल्या, "काल संत्रं गोड लागलं."

आहारताईने या खेपेला टाळी वाजवली नाही, नुसता त्यांचा हात धरला.

"गोड कसलं?" सासू फणकारली. "आंबटढाण होतं. मी खाल्लंय ना!" आणि पदराने डोळे पुसत सगळ्यांपेक्षा जास्त तीच हसली.

आता मी दाराआड नाही. तेव्हा मित्रांनो, मला पुसत जा, माझ्यावर ओल्या छत्र्या टेकवू नका. आणि माझा काटा हललाच, तर मला भंगारात काढण्याआधी वर कोण उभं आहे, ते एकदा बघा.