माझ्या अंगावरचे परके टाके

मी एक जुनी सॅक आहे. तंबूच्या जाड कापडाची. मूळ रंग हिरवा होता, आता कोणता आहे ते विचारू नका. सध्या मी दारामागच्या खुंटीवर लटकलेली असते. मित्रांनो, तुमच्या दप्तराला घर ते शाळा एवढीच वाट ठाऊक असते. मी वाळवंट पाहिले, बर्फ पाहिला आणि पलीकडचा काठ दिसत नाही एवढे पाणी ओलांडले. यावरून मी मोठी धाडसी असेन असे तुम्हाला वाटेल, पण तसे काही नाही. मी जन्माचीच भित्री. फाटण्याची मला इतकी धास्ती होती की दुकानात कुणी कात्री उचलली तरी मी अंग चोरून घ्यायची.

त्या दुकानात तंबू शिवले जात. ज्यांनी मला शिवले त्यांना सगळे दादा म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी डोंगर चढणाऱ्यांसाठी, वाळवंटात रस्ते आखणाऱ्यांसाठी, पाण्याकाठी मुक्काम करणाऱ्या कोळ्यांसाठी तंबू शिवले. तंबू जगभर गेले, दादा मात्र मशीनसमोरच्या स्टुलावरच राहिले. आधी घरची जबाबदारी होती, ती संपली तोवर गुडघे गेले. मग एके दिवशी सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आणि स्पष्टच सांगितले की नजर हळूहळू जाणार, फार तर वर्षभर पुरेल.

त्या आठवड्यात दादांनी उरलेले कापड काढले आणि धाकट्या बहिणीसाठी मला शिवले. ते त्यांचे शेवटचे काम. त्यांची एक पद्धत होती. शिवलेली सॅक ते लगेच कुणाच्या हाती देत नसत. तिच्यात विटा भरून तीन दिवस तुळईला टांगत. मीही टांगली गेले. आता उसवते की मग उसवते, असे करत तीन दिवस जीव मुठीत धरून काढले. चौथ्या दिवशी दादांनी मला खाली घेतले, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि बहिणीला म्हणाले, "वजन पडल्याशिवाय शिवण बसत नाही, चिमे."

साठीच्या बाईला चिमे म्हणणारे ते जगात एकटेच. बाकी सारे तिला नकाशेबाई म्हणत, कारण तिने शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवला होता. मीही त्यांना बाईच म्हणते. कोणती नदी कुठे उगम पावते ते बाईंना झोपेतही सांगता यायचे, पण खऱ्या पाण्याजवळ त्या फिरकत नसत. लहानपणी त्या तळ्यात घसरल्या होत्या आणि दादांनी वेणी धरून त्यांना वर ओढले होते. तेव्हापासून त्या अंघोळीच्या बादलीशीही जरा जपूनच वागत. डोंगर दुरून साजरे असतात म्हणे. आमच्या बाईंना नद्याही दुरूनच साजऱ्या.

दादांनी मला बाईंच्या मांडीवर ठेवले आणि मनातले बोलून टाकले.

"माझे तंबू जिथं गेले ते मला एकदा बघायचं होतं गं. वाळवंट, मोठं पाणी, बर्फ. आता माझ्याच्यानं होत नाही. तू बघून ये आणि मला फळ्यावर मोठ्ठं काढून दाखव. मला दिसतंय तोवर परत ये, म्हणजे झालं."

बाई दोन दिवस मला नुसत्या उलटसुलट करून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातला जुना नकाशा माझ्या पोटात ठेवला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने तो त्यांना भेट दिला होता. मी मनात म्हटले, झाले, आता आपली काही धडगत नाही.

आधी वाळवंट. तिथवर आगगाडी होती, पुढे बस, आणि वाळवंट बघण्यातच काही महिने गेले. बसच्या टपावर घासून घासून माझा तळ फाटला. ज्याची भीती होती तेच झाले! एका बाजाराच्या कोपऱ्यात वहाणा दुरुस्त करणारे आजोबा बसत. त्यांनी मला उलटे केले, तळाला उंटाच्या कातड्याचा तुकडा लावला आणि दुहेरी टाक्याने तो शिवला. काम चोख होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दादांच्या नेटक्या शिवणीवर हे परके ठिगळ! बाईंनी मात्र आजोबांना दोनदा धन्यवाद दिले. माझ्या आभाराला अजून अवकाश होता.

मग आले मोठे पाणी. बाई निर्धास्त होत्या, कारण नकाशात तिथे पूल होता. बत्तीस वर्षे त्यांनी तो पूल पट्टीने मुलांना दाखवला होता. पुलापाशी उतरायचे आहे, असे त्यांनी बसवाल्याला इतक्या ठाम आवाजात सांगितले की त्या बिचाऱ्याने उलट काही विचारले नाही. उतरून पाहतो तर पाण्यात नुसते दोन दगडी खांब, आणि त्यांवर पंख वाळवत बसलेले पक्षी.

काठावर एक बाई जाळे विणत बसली होती. तीच नावाडीण. तिने सांगितले की पूल बारा वर्षांमागेच पुरात वाहून गेला.

बाईंनी नकाशा उघडला, लाल पेन्सिल काढली आणि पुलावर फुली मारली. बाजूला लिहिले, 'चूक. पुन्हा तपासणे.' मग त्या पाण्यापासून दोन पावले मागे सरकल्या. बर्फ पलीकडच्या काठामागे होता आणि तिकडे जायला होडीशिवाय वाट नव्हती. परतीची बस चारला होती. ती धरली असती तर आम्ही वेळेवर घरी पोहोचलो असतो, पण दादांना अर्धेच जग दिसले असते. बाईंनी नावाडिणीला सगळे सांगितले: तळे, वेणी, दादांचे डोळे. ती जाळे विणतच ऐकत होती.

"भीती मलाही वाटते, रोज वाटते," ती म्हणाली. "म्हणून तर मी वल्हं घट्ट धरते. बसायचं असेल तर बसा, नसेल तर बसची वेळ झालीच आहे."

बाई उठल्या. एक पाय होडीत, एक काठावर, आणि तेवढ्यात धीर सुटून त्या मागे सरकल्या. त्या धक्क्याने माझा एक बंद खांद्यावरून घसरला आणि होडीच्या कडेवरच्या, दोर बांधायच्या आकड्यात अडकला. होडी हलली. दुसरा बंदही निसटला. बाई होडीत बसकन मारून खाली, आणि मी पाण्यावर लोंबकळत! अडकलेली शिवण टराटरा उसवू लागली. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

तेव्हा बाईंनी काय केले सांगू? दोन्ही हातांनी होडीची कड गच्च धरली होती ना, ती सोडली. कमरेपर्यंत पाण्यावर वाकल्या आणि मला पकडून आत ओढले. बंद तुटला, पण मी वाचले. नावाडीण म्हणाली, "अहो, नुसती पिशवी तर होती."

"दादानं शिवलीय," बाई धापा टाकत म्हणाल्या.

पलीकडच्या काठावर नावाडिणीने जाळ्याच्या दोऱ्याने माझा बंद जोडला. गाठ अशी मारली की ओली झाल्यावर ती आणखी घट्ट होत जाई. या वेळी मला लाज वाटली नाही. मी मनोमन तिचे पाय धरले, आणि वाळवंटातल्या आजोबांचेही.

बर्फाची वाट मात्र बंद झाली होती. डोंगराच्या पायथ्याच्या खानावळीत आम्ही सात आठवडे अडकलो. बाई रोज दिवस मोजत. थंडीने माझे बक्कल तडकले, तेव्हा तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी लाकडाचे बटण लोकरीने शिवून दिले. शेवटी वाट खुली झाली आणि बाईंनी बर्फ पाहिला. पाहिला आणि रडल्या, कारण शेजारी दादा नव्हते.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा वर्ष सरायला दोन महिने बाकी होते, पण दादांच्या डोळ्यांनी तेवढीही वाट पाहिली नव्हती. त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. बाईंनी तरीही फळ्यावर खडूने मोठा डोंगर काढला. दादा त्या दिशेने हसतमुखाने पाहत राहिले, पण फळा होता दुसऱ्या भिंतीवर. बाईंच्या हातातला खडू गळून पडला.

"मला उशीर झाला रे दादा."

"सॅक दे इकडं," दादा म्हणाले.

त्यांनी मला मांडीवर घेतले आणि बोटे फिरवू लागले. तळाशी थांबले. "हे कातडं. दुहेरी टाका. वहाणांचा कारागीर आहे, म्हातारा आणि सावकाश. किती ऊन असेल गं तिथं, कातडं कसं कडक झालंय!" कातड्याच्या कडेला अडकलेली वाळू त्यांनी चिमटीत घेऊन चोळली. मग लोकर हाताला लागली. "ही थंडीची माणसं. टाके सैल घालतात, बोटं गारठलेली असतात ना." बाई डोळे पुसून जवळ येऊन बसल्या. शेवटी दादांचे बोट बंदावर आले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "इथं तर माझी शिवण तुटलीय. ही गाठ जाळ्याची. काय झालं होतं?"

बाईंनी सांगितले.

"म्हणजे तू पाण्यावर वाकलीस?"

"दोन्ही हात सोडून."

दादांनी मला बाजूला ठेवले. मग हाताने चाचपत त्यांनी बाईंची वेणी शोधली. आता ती पिकली होती, बोटभर जाडीची उरली होती. ती त्यांनी हलकेच ओढली.

"बसली शिवण, चिमे," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या दप्तराचा बंद तुटला तर त्याला लगेच अडगळीत टाकू नका. ज्याला शिवता येते त्याच्याकडे न्या, तो शिवत असताना शेजारी बसा आणि त्याचे नीट आभार माना. मी ते उशिरा शिकले. माझ्या अंगावर आज तीन परके टाके आहेत, आणि त्या तिन्ही माणसांची मी जन्माची ऋणी आहे.

काल दादांनी पुन्हा मला मांडीवर घेतले होते. बाईंना म्हणाले, "आता पश्चिमेकडं जाऊन ये. तिकडचा टाका कसा असतो ते मला बघायचंय." बाईंनी नवा नकाशा आणला आहे. लाल पेन्सिलही घेतली आहे. उद्या सकाळी आम्ही निघतो. फाटण्याची भीती मला अजूनही वाटते, खोटे कशाला बोलू? पण मी फाटलेच नाही, तर दादांना दिसणार काय?